मुखवट्यावर जीव जडलाय? नव्या चाहत्यांसाठी पायरीपायरीने

ज्याचा चेहरा कधीच दिसत नाही अशा पात्रावरही माणसाचा जीव जडतो, आणि चांगलाच जडतो. पॉडकास्टवरच्या कथांमध्ये नुसता आवाज असतो. जुन्या जपानी सुपरहिरो मालिकांमध्ये अंगभर पोशाख आणि तोंडावर पापणीही न हलणारा मुखवटा. दोन्हीकडे अर्धं काम आपल्यावर सोडलेलं असतं. आवाजाला चेहरा आपण देतो, मुखवट्यावर भाव आपण वाचतो, आणि म्हणूनच ते पात्र इतकं लवकर आपलं होऊन बसतं.

मी या दोन्ही वाटांनी गेले आहे. कुठून सुरुवात करायची, कुठे बघायचं, कुठल्या वस्तूवर पैसे घालायचे आणि कुठे हात आखडता घ्यायचा, हे मराठीत एका जागी लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून हा लेख. 'हे काय लहान मुलांचं बघत बसलीयेस' असं घरचे म्हणत असतील तर त्यांना एवढं सांगा की हे आपल्याकडे नवीन नाही. आकाशवाणीवरच्या 'पुन्हा प्रपंच'मधले टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत ही मंडळी नुसत्या आवाजावर मराठी घरांत नांदली. आणि ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर 'जायंट रोबोट' लागायचा, तो १९६७ सालच्या जपानी मालिकेचाच इंग्रजी अवतार. आज पन्नाशीला टेकलेल्या कुणालाही मनगटी घड्याळात बोलून रोबोटला हुकूम सोडणाऱ्या पोराबद्दल विचारून बघा.

आधी हाताशी काय हवं

- बरे हेडफोन. ध्वनिकथा मोबाइलच्या स्पीकरवर ऐकल्या तर निम्मं बारीक काम कानाआड जातं.
- कुठपर्यंत ऐकलं ते लक्षात ठेवणारं पॉडकास्ट अॅप. भाग जुन्याकडून नव्याकडे लावायची सोय त्यात आहे ना, ते बघून घ्या.
- इंग्रजी सबटायटल्स वाचण्याचा सराव. जुन्या जपानी मालिका मराठीत किंवा हिंदीत फारशा मिळत नाहीत.
- एक वही. का, ते तिसऱ्या पायरीत.
- चाहत्यांच्या सगळ्याच कथा वाचायच्या असतील तर 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या संकेतस्थळाचं खातं. ते मागितलं की लगेच मिळत नाही, रांगेत नाव घालून आमंत्रणाची वाट बघावी लागते. आजच नाव घालून ठेवा. वयाची अट १३ वर्षांची आहे.
- परदेशातून काही मागवणार असाल तर कुरिअरच्या केवायसीसाठी ओळखपत्र (आधार, पासपोर्ट किंवा पॅन) आणि परदेशी व्यवहार चालू केलेलं कार्ड.

१. मालिका नाही, पात्र निवडा

नवखे लोक सर्वांत जास्त इथे अडकतात. 'अल्ट्रामॅन कुठल्या क्रमाने बघू?' असा, राक्षसांशी लढणाऱ्या या महाकाय परग्रही नायकाबद्दलचा प्रश्न टाकला की कुणीतरी भलीमोठी यादी हातात देतं. १९६६ पासून आजवर इतक्या मालिका झाल्यात की ती यादी बघूनच दम लागतो. ती बाजूला ठेवा. बहुतेक जुन्या मालिका स्वतंत्रपणे बघता येतात. तुमच्या स्वभावाला कोण भावेल ते ठरवा आणि थेट त्याच्या दारात जा.

परक्या गावात राहून कुणालाच आपलं खरं सांगता न येणारा माणूस जवळचा वाटत असेल, तर अल्ट्रामॅनच्याच घराण्यातल्या 'अल्ट्रासेव्हन'मधला दान मोरोबोशी. १९६७-६८ ची मालिका, ४९ भाग. तो दुसऱ्या ग्रहावरून पाहणीला आलेला. मित्राला वाचवण्यासाठी जीव धोक्यात घालणाऱ्या एका गिर्यारोहकाला बघून त्याने त्याच माणसाचं रूप घेतलं. शेवटी तो सहकारी अॅनला सांगतो की मी माणूस नाही. ती म्हणते, माणूस असो की परग्रहवासी, दान तो दानच. हा प्रसंग आधी तुकड्यात बघू नका. आधीचे भाग बघून तिथवर पोचलात तर त्याचं वजन कळेल.

ज्याच्यावर अन्याय झाला त्याच अन्यायातून ज्याची ताकद आली, असं कुणी हवं असेल तर 'कामेन रायडर'चा पहिला नायक होंगो ताकेशी. शोटारो इशिनोमोरी यांची निर्मिती, ३ एप्रिल १९७१ ला पहिला भाग, एकूण ९८. शॉकर नावाची टोळी होंगोला पळवून त्याच्या शरीरावर शस्त्रक्रिया करते. मेंदूवर हात घालण्याआधी तो निसटतो. म्हणजे तो ज्या राक्षसांशी लढतो ते त्याच्याच सारखे घडवलेले, फक्त त्यांची सुटका झाली नाही. मालिका बघताना हे मनात ठेवा, मारामाऱ्या वेगळ्याच दिसायला लागतात.

'किकायडर' (१९७२-७३, ४३ भाग) मधला जिरो हा माझा सर्वांत लाडका. गिटार घेऊन फिरणारा तरुण, प्रत्यक्षात यंत्रमानव, अर्धा लाल आणि अर्धा निळा. त्याच्यात सदसद्विवेकाचं सर्किट बसवलंय, पण ते अपुरं राहिलेलं. शत्रूची बासरी वाजली की तो डोकं धरून कळवळतो, कारण वाईट वागण्याचा हुकूम आणि चांगलं वागण्याची ओढ दोन्ही एकाच वेळी त्याच्या आत चालू असतात. १९७४ मध्ये हवाईतल्या एका वाहिनीने ही मालिका जपानी आवाजात, खाली इंग्रजी अक्षरं देऊन दाखवली आणि तिथली पोरं वेडी झाली. तेव्हाची ती पोरं आज आजोबा झालीत, अजून जिरोचं नाव काढतात.

एकटा नायक नको, टोळी हवी असेल तर 'गोरेंजर' (१९७५-७७). पाच रंगांचे पाच जण, हा साचा इथूनच सुरू झाला. १९९३ मध्ये आलेले पॉवर रेंजर्स याच घराण्यातले. त्यातली गुलाबी मोमोरेंजर ही पथकातली स्फोटकांची जाणकार, आणि पिवळा किरेंजर करी-भात ओरपणारा. दोघांवरही जीव जडतो.

पॉडकास्टमध्येही हाच नियम. त्याबद्दल पाचव्या पायरीत सविस्तर.

२. कुठे बघायचं

तोएइ कंपनीने २०२० मध्ये यूट्यूबवर 'तोएइ टोकुसात्सु वर्ल्ड ऑफिशियल' नावाचं चॅनेल काढलं. कामेन रायडर, किकायडर, गोरेंजर ही सगळी तोएइची मंडळी. तिथे पुष्कळ जुन्या मालिकांचे पहिले भाग बघायला मिळतात. (टोकुसात्सु म्हणजे खास दृश्यकरामतींवर उभ्या असलेल्या जपानी मालिका आणि सिनेमे, हा शब्द पदोपदी भेटेल.) अल्ट्रामॅन त्सुबुराया प्रॉडक्शन्सचा, त्यांचंही अधिकृत यूट्यूब चॅनेल आहे. हक्क देशाप्रमाणे बदलतात. आज दिसणारा व्हिडिओ महिन्याभराने भारतात दिसेलच असं नाही, म्हणून आवडता भाग 'नंतर बघू' म्हणून टाकून ठेवू नका.

डिस्क विकत घेणार असाल तर थांबा आणि रीजन, म्हणजे ती कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालते, ते तपासा. अमेरिका आणि जपान ब्लू-रेच्या ए रीजनमध्ये येतात, भारत सी मध्ये. डीव्हीडीचं गणित आणखी वेगळं. पेटीवर कुठला रीजन छापलाय आणि तुमचा प्लेअर तो वाचतो का, हे पैसे भरण्याआधी बघायचं.

दोन गोष्टी बघून लोक घाबरतात, त्या इथेच सांगते. अल्ट्रासेव्हनचा १२ वा भाग तुमच्या संचात नसेल तर संच सदोष नाही. त्या भागातल्या परग्रहवासीयाला एका मुलांच्या मासिकात अणुबॉम्बच्या पीडितांसाठीचा शब्द लावून छापलं गेलं, १९७० मध्ये त्यावर मोठा निषेध झाला, आणि तेव्हापासून कंपनीने तो भाग कायमचा मागे घेतलाय. दुसरं, कामेन रायडर बघताना १४ व्या भागापासून नायकच बदलतो. फाइल चुकीची नाही. त्याचं कारण चौथ्या पायरीत येईल.

डब केलेली जुनी इंग्रजी आवृत्ती मिळाली तर ती दुसऱ्यांदा बघण्यासाठी ठेवा. त्यात नावंही बदललेली असतात. दूरदर्शनवर लागायच्या त्या मालिकेच्या मूळ 'जायंट रोबो'मधला दाइसाकु इंग्रजीत जॉनी सोको झाला. पहिली ओळख मूळ आवाजाशीच व्हायला हवी.

३. पहिले भाग बघायचे कसे

या मालिका आठवड्याला एक भाग या हिशेबाने बनल्या. एका बैठकीत आठ भाग बघितले की सगळे राक्षस एकमेकांत मिसळतात आणि शेवटची मारामारी साचेबंद वाटते. दिवसाला एक, फार तर दोन. भाग संपला की वहीत तीन ओळी लिहा: आज पात्राने काय केलं, काय करायचं टाळलं, आणि मुखवटा असूनही मला कुठे काय वाटलं. हा तिसरा मुद्दा सोडू नका. महिन्याभराने वही उघडलीत की तुमचं त्या पात्राशी काय नातं आहे ते तुम्हालाच दिसेल, आणि इतर चाहत्यांशी बोलताना 'मस्त आहे' यापलीकडे बोलायला काहीतरी असेल.

विमानं लटकवलेल्या तारा दिसतील. खेळण्यातली विमानं खेळण्यातलीच दिसतील. पहिले तीन भाग ते खुपतं, मग नजर सरावते. त्सुबुराया प्रॉडक्शन्स काढणारे एइजी त्सुबुराया यांच्या लोकांनी ती शहरं हातांनी बांधली आणि लगेच पाडायला दिली, हे एकदा लक्षात आलं की कोसळणारी इमारत बघताना मी तरी थांबवून मागे नेऊन बघते. खिडक्यांना पडदे लावलेले असतात.

कुठला एक भाग पहिला बघू, असं विचाराल तर मी 'अल्ट्रामॅन'चा २३ वा सांगेन. लेखक मामोरु सासाकी, दिग्दर्शक अकिओ जिस्सोजी. एका आंतरराष्ट्रीय परिषदेला निघालेल्या प्रतिनिधींची विमानं कुठल्यातरी अदृश्य यानाकडून पाडली जातायत. यानातून जामिला नावाचा राक्षस बाहेर येतो. कातडी भेगाळलेली, सुकलेल्या तळ्याच्या तळासारखी. मान नाही, डोकं खांद्यांत रुतलेलं. मग कळतं की हा राक्षस नाही, माणूस आहे. अवकाशात पाठवलेला अंतराळवीर. अपघाताने एका निर्जल ग्रहावर अडकला, त्याच्या देशाने बदनामी नको म्हणून त्याला तिथेच सोडलं आणि गोष्ट दडपली. पाण्यावाचून जगता जगता त्याचं शरीर असं झालं. वरून हुकूम येतो की त्याची ओळख बाहेर फुटू न देता त्याला राक्षस म्हणूनच मारा. राक्षसांशी लढणाऱ्या पथकातला इदे, जो एरवी सगळ्यांना हसवतो, तो हत्यार खाली टाकतो.

पुढे अल्ट्रामॅन जामिलावर पाण्याचा मारा करतो. वर्षानुवर्षं ज्या पाण्यासाठी तो तडफडला त्याच पाण्याने तो चिखलात कोसळतो. सरपटत सरपटत परिषदेच्या इमारतीपुढे फडकणाऱ्या देशोदेशींच्या झेंड्यांकडे हात करतो. त्याचं ओरडणं हळूहळू तान्ह्या बाळाच्या रडण्यासारखं होत जातं. अल्ट्रामॅनच्या चेहऱ्यावर अर्थातच काही हलत नाही. आणि तरी तो उभा आहे त्या उभं राहण्यात सगळं दिसतं. नंतर जामिलाच्या स्मारकावर मानवजातीच्या प्रगतीसाठी झटलेला वीर अशी भारदस्त वाक्यं कोरली जातात. ती वाचून इदे म्हणतो की बळी गेलेल्यांच्या वाट्याला नेहमी फक्त सुंदर शब्द येतात.

जपानमधल्या मुलांच्या कैक पिढ्या अंगातला शर्ट वर ओढून, गळ्याच्या गोलात तोंड अडकवून 'जामिला, जामिला' खेळल्या आहेत. एका भागापुरतं आलेलं पात्र, तेही मारलं गेलेलं, आणि पोरांनी ते अंगावर घेतलं. या मालिकांमधल्या राक्षसांवर लोक एवढं प्रेम का करतात असं कुणी विचारलं की मी हेच सांगते.

आवडला तर पुढे 'अल्ट्रामॅन'च्या आधीच्या 'अल्ट्रा क्यू' या मालिकेतला कानेगॉन बघा. पैशांच्या हावेपायी नाणी खाणारा प्राणी झालेला मुलगा. त्याची मूर्ती माझ्या टेबलावर आहे.

४. पोशाखाच्या आतला माणूस ओळखा

अल्ट्रामॅनवरचं प्रेम पुढे सरकतं ते इथे. 'अल्ट्रामॅन'मध्ये ज्याचा अल्ट्रामॅन होतो तो हायाता सुसुमु कुरोबे करतात, पण पोशाखाच्या आत होते बिन फुरुया. किंचित वाकलेली पाठ, पुढे आलेले हात ही त्यांची देहबोली. रूप तोरु नारिता यांनी रेखाटलं आणि जीव फुरुयांनी घातला. पुढच्या वर्षी 'अल्ट्रासेव्हन'मध्ये हेच फुरुया पथकातला आमागी म्हणून स्वतःच्या चेहऱ्याने दिसतात. दोन्ही मालिका बघितल्या असतील तर आमागीच्या खांद्यांकडे लक्ष द्या.

आता कामेन रायडरचा १४ वा भाग. होंगोचं काम करणारे हिरोशी फुजिओका चित्रीकरणात मोटरसायकलवरून पडले, पाय मोडला. मालिका थांबवता येईना, म्हणून ताकेशी सासाकी यांना घेऊन इचिमोंजी हायातो हा दुसरा रायडर आणला. होंगो गाडी वेगात नेऊन कमरेच्या पट्ट्यावर वारा घेत रूप बदलायचा. सासाकींकडे तेव्हा मोटरसायकलचा परवाना नव्हता असं सांगतात. मग उभ्या उभ्या हात फिरवून रूप बदलायची पद्धत निघाली आणि तीच पुढे सगळ्या जपानभर पोरांच्या अंगात भिनली. फुजिओका नंतर परतले, आणि 'पहिला' व 'दुसरा' असे दोन्ही रायडर लोकांचे झाले. एका मोडलेल्या पायातून केवढं काय उभं राहिलं!

इथला सापळा म्हणजे नट आणि पात्र यांची गल्लत. पात्रावर जीव टाका, नटाच्या कामाचं कौतुक करा, पण त्याच्या खासगी आयुष्यात शिरू नका. ही सगळी मंडळी आता म्हातारी झालीत, काही गेली. त्यांना संदेश पाठवायचाच तर त्यांच्या कामातल्या एखाद्या नेमक्या क्षणाबद्दल लिहा.

५. पॉडकास्टच्या पात्रांची ओळख

इथे तीन दारं सांगते.

'वेलकम टू नाइट व्हेल' जून २०१२ मध्ये सुरू झालं. वाळवंटातल्या एका विचित्र गावाचं नभोवाणी केंद्र, निवेदक सेसिल. बातम्या देता देता तो गावात आलेल्या कार्लोस या शास्त्रज्ञाच्या प्रेमात पडतो, आणि हे आपल्याला बातम्यांच्या सुरातूनच कळत जातं. मालिकेत सेसिल कसा दिसतो ते सांगितलेलं नाही. चाहत्यांनी त्याच्या कपाळावर तिसरा डोळा काढला, अंगावर गोंदणं काढली आणि हा चेहरा इतका पसरला की नव्या माणसाला तो मूळ गोष्टीतलाच वाटतो. २०१३ मध्ये या चाहत्यांच्या चित्रांनीच या पॉडकास्टला एकाएकी जगभर पोचवलं. माझा सल्ला असा, की निदान पहिले दहा भाग कुणाचंही चित्र बघू नका. तुमचा सेसिल आधी तुमच्या डोक्यात तयार होऊ द्या.

'द मॅग्नस आर्काइव्ह्ज' ही भयकथा. २०१६ ते २०२१, बरोबर २०० भाग. लंडनमधल्या एका संस्थेचा अभिलेखपाल लोकांनी लिहून दिलेले भयानक अनुभव टेपवर वाचून काढतो. पहिल्या पर्वात भाग सुटे सुटे वाटतात, म्हणून लोक मधले गाळतात. एकही गाळू नका. तिसऱ्याच भागात सहज आलेलं नाव पुढे गळ्याशी येतं. आणि एक गोंधळ: मुख्य पात्राचं नाव जोनाथन सिम्स, लेखकाचंही तेच, आणि आवाजही त्याचाच. चाहते पात्राला 'जॉन' आणि लेखकाला 'जॉनी' म्हणतात. तुम्हीही तसंच म्हणा, नाहीतर 'जोनाथनने फार वाईट केलं' असं लिहून भलत्याच माणसावर आरोप कराल. प्रत्येक भागात काय काय त्रासदायक आहे त्याची सूचना दिलेली असते. किडे, बंद जागा, आजारपण यांची भीती असेल तर ती आधी वाचा. यात कमीपणा काही नाही.

'वुल्फ ३५९' (२०१४ ते २०१७) अवकाशस्थानकावरचं आहे. सुरुवातीला हलकंफुलकं वाटतं आणि म्हणून सोडून दिलं जातं. पहिलं पर्व पुरतं ऐका. त्यातली हेरा ही स्थानक चालवणारी यंत्रबुद्धी. तिचा आवाज बोलता बोलता अडखळतो, शब्द तुटतात. शरीरच नसलेलं पात्र, आणि त्या अडखळण्यात मला तिचा सगळा स्वभाव ऐकू येतो.

इंग्रजी उच्चार झेपत नसतील तर लिखित संहिता समोर ठेवून ऐका. बऱ्याच ध्वनिकथांच्या संहिता उपलब्ध असतात. दोनतीन भागांनंतर कान सरावतो.

६. चाहत्यांच्या घोळक्यात शिरताना

आधी ऐका, मग बोला. पहिला महिना वाचण्यात घालवा.

विकीवर पात्राचं पान उघडू नका. पहिल्याच ओळीत ते पात्र कसं मेलं ते लिहिलेलं असतं. नाव किंवा साल शोधायचं तर नटाच्या नावाने शोधा.

'आर्काइव्ह ऑफ अवर ओन'वर कथा शोधताना खुणा (टॅग) नीट वाचा. कुठल्या दोन पात्रांची जोडी जमवली आहे, मृत्यू आहे का, हिंसा आहे का, हे लेखकाने बहुधा वरच लिहिलेलं असतं. वाचून आवडलं तर दोन ओळींची प्रतिक्रिया टाका. तिथे कुणालाच पैसे मिळत नाहीत, वाचणाऱ्याचे शब्द हीच लिहिणाऱ्याची कमाई. नावडली जोडी तर पान बंद करा. कुणाला कोणाशी जोडावं यावरून होणारी भांडणं हा या जगातला सर्वांत थकवणारा प्रकार आहे, आणि त्यात शिरलेला माणूस पात्रावरचं मूळ प्रेमच घालवून बसतो.

जपानी चाहत्यांची चित्रं बघायला पिक्सिव्ह ही जागा. तिथले बहुतेक चित्रकार स्पष्ट लिहितात की परवानगीशिवाय चित्र दुसरीकडे टाकू नका. 'खाली नाव दिलंय ना' हे तिथे चालत नाही. चित्र आवडलं तर मूळ पानाचा दुवा पाठवा. आपल्या व्हॉट्सअॅप गटात फिरवायची सवय इथे आवरावी लागते.

७. स्वतः काहीतरी करून बघा

चित्र काढता येत नाही, लिहिता येत नाही, हे कारण सांगू नका. आवडत्या भागाचा मराठीत सारांश लिहा. भाच्याला जिरोची गोष्ट सांगा. सेसिलच्या थाटात तुमच्या गावाच्या बातम्या रेकॉर्ड करा. सोलापूरचा उन्हाळा त्या शैलीत फार छान बसेल.

हक्कांचं मात्र भान ठेवा. मॅग्नस आर्काइव्ह्जचा परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा आहे: नाव द्या, पैसे कमावू नका, आणि तुमचं कामही त्याच अटींवर खुलं ठेवा. एवढी मोकळीक क्वचितच मिळते. अल्ट्रामॅन आणि कामेन रायडरच्या बाबतीत तशी नाही. हौसेने काढलेलं चित्र वेगळं आणि टी-शर्टवर छापून विकणं वेगळं.

८. वस्तू घ्यायच्या असतील तर

पहिले सहा महिने काही घेऊ नका. सहा महिन्यांनी कुठलं पात्र मनात उरलंय ते बघून त्याची एकच वस्तू घ्या.

सुरुवातीला मऊ व्हिनाइलची राक्षसमूर्ती उत्तम. स्वस्त असते, पडली तरी फुटत नाही, आणि १९६६ पासून जपानी मुलांच्या हातात हीच होती. सांधे हलणाऱ्या नाजूक मूर्ती महाग असतात, त्या नंतर. नकली माल सगळीकडे आहे. किंमत बाजारभावाच्या निम्मी असेल, डब्यावर परवान्याची खूण नसेल, फोटो धूसर असतील तर सोडून द्या.

परदेशातून मागवताना हे क्रमाने करा. बँकेच्या अॅपमध्ये जाऊन कार्डावरचे परदेशी व्यवहार चालू करा. २०२० पासून नव्या कार्डांवर ते मुळात बंदच असतात. मग वस्तूची किंमत, तिथून इथवरचा पोस्टखर्च, कस्टम ड्यूटी आणि कुरिअरचं हाताळणी शुल्क असे चार आकडे कागदावर मांडा. मूर्तीपेक्षा बाकीचा खर्च जास्त भरतो असं सर्रास होतं. पार्सल भारतात पोचल्यावर केवायसी मागतात. ऑर्डरवरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव तंतोतंत जुळायला हवं, टोपणनावाने मागवलेलं पार्सल अडकतं. चार मित्रांनी मिळून एकत्र मागवलं तर पोस्टखर्च वाटला जातो, पण कुणाच्या नावावर येणार आणि ड्यूटी कोण भरणार हे आधी लेखी ठरवा.

९. जपानला जायचा योग आला तर

तोक्योत सोशिगाया-ओकुरा स्टेशनला उतरा. त्सुबुराया प्रॉडक्शन्सची सुरुवात याच भागात झाली. स्टेशनाबाहेर अल्ट्रामॅनचा पुतळा आहे आणि बाजारपेठेच्या रस्त्यांना त्याचंच नाव. शिंजुकुहून ओदाक्यु लाइन पकडायची, पण जलद गाड्या इथे थांबत नाहीत, धिमी घ्या.

एइजी त्सुबुराया यांचं जन्मगाव फुकुशिमातलं सुकागावा. शिंकान्सेनने (बुलेट ट्रेनने) कोरियामापर्यंत आणि तिथून साधी गाडी. रस्त्यावर अल्ट्रा मंडळींचे आणि राक्षसांचे पुतळे आहेत, त्सुबुराया यांच्यावर संग्रहालय आहे, आणि जुनी मॉडेल्स, पोशाख जपून ठेवणारं टोकुसात्सु अर्काइव्ह सेंटर आहे. ते सेंटर गावापासून जरा दूर, बसच्या वेळा आधी पाहून ठेवा.

कामेन रायडरच्या चाहत्यांनी मियागीतल्या इशिनोमाकीला जावं. तिथलं इशिनोमोरी यांचं मांगा (जपानी चित्रकथा) संग्रहालय नदीच्या मुखाशी आहे. २०११ च्या त्सुनामीचं पाणी त्यात शिरलं होतं. दुरुस्त करून ते पुन्हा उघडलं. सेंदाईहून रेल्वेने साधारण तासभर लागतो, आणि स्टेशनपासूनच पात्रांचे पुतळे सुरू होतात. सुकागावा आणि इशिनोमाकी एकाच दिवसात उरकायचा घाट घालू नका, मध्ये सेंदाईला मुक्काम करा. या सगळ्या ठिकाणांचे सुट्टीचे वार वेगवेगळे आहेत, तेव्हा तिकिटं काढण्याआधी वार तपासा.